डावऱ्याने खणलेलं घर

नाटे गावच्या गुलाम रसूलनी सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळावर, जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत अठ्ठावीस वर्षं टिकाव मारला. मग दगड कापायची मशिनं आली. गुलाम रसूलनी टिकाव खाली ठेवला आणि यापुढे फक्त मासे खायचे नि गप्पा मारायच्या असं ठरवलं. पण धाकटी मुलगी अमरीन ऑस्ट्रेलियात नर्स होती. तिने थेट विमानाचं तिकीटच पाठवलं.

तिथे तिने समुद्र दाखवला की हे म्हणायचे, "हा आहे आपल्याकडे." शेवटी वैतागून तिने चार दिवसांची रजा काढली आणि गाडी वाळवंटाकडे वळवली.

"हे तरी नाही ना आपल्याकडे, अब्बा?"

त्यांनी खिडकीतून मैलोन् मैल पसरलेली लाल माती पाहिली. "मे महिन्यातला सडा," असा निकाल दिला आणि झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी दोघं ओपल खड्याच्या खाणींच्या गावी पोचली. तिथल्या जुन्या खाणकामगारांनी उन्हापासून वाचायला टेकडीच्या पोटातच घरं खणली होती. त्यातलं एक जसंच्या तसं जपून ठेवलेलं. बाहेर अंगाची लाही होत होती, आत मात्र माठाशेजारी बसल्यासारखं गार. लोखंडी खाट, काळी पडलेली किटली, भिंतीतच कोरलेलं फडताळ आणि त्यात दाढीचं सामान.

बाकीचे लोक किटलीचे फोटो काढत होते. गुलाम रसूल सरळ भिंतीशी गेले. 'हात लावू नये' अशी पाटी होती, नेमका तिच्याखालीच त्यांनी तळवा टेकला.

"अब्बा! हात काढा आधी."

"थांब गो. हे बघ, सगळे घाव डावीकडून उतरलेत. डावरा होता हा माणूस. आणि या कोपऱ्यात दमलाय. घाव बघ कसे उथळ पडलेत."

तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा गाईड आला. अमरीन माफी मागायला लागली, पण त्याला अब्बा काय म्हणाले तेच ऐकायचं होतं. तिने सांगितल्यावर त्याने बॅटरीचा उजेड भिंतीवर आडवा धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"अकरा वर्षं मी ही भिंत लोकांना दाखवतोय," तो म्हणाला, "आणि मीच कधी बघितली नाही!"

खात्री करायला त्याने घरमालकाचा जुना फोटो काढून आणला. मालक दोन्ही हात खिशात घालून उभा होता. तिघांनाही हसू आवरेना.

"तुमचे वडील काय करतात?" गाईडने विचारलं.

शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे अमरीन कायम 'शेती' लिहायची.

"खाणीत दगड काढायचे. हाताने. दिवसाला ट्वेंटी."

"ट्वेंटी फाय!" अब्बांनी दुरुस्ती केली. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

गावी परतल्यावर शेजारच्या विठूने विचारलं, "काय बघितलंस मग?"

"वेडी माणसं रे! आपण दगड नेतो, खड्डा टाकतो. त्यांनी दगड टाकला आणि खड्ड्यात संसार मांडला."

डिसेंबरात अमरीन रजेवर आली आणि दुसऱ्याच सकाळी म्हणाली, "अब्बा, तुमची खाण दाखवा." एवढ्या वर्षांत ती तिथे कधी गेलीच नव्हती. खाण अर्धी पाण्याने भरलेली, काठावर रान माजलेलं. वरच्या उघड्या भिंतीवर घावांच्या ओळी दिसत होत्या.

"यातले तुमचे कुठले?"

"ते वरचे, वाकडेतिकडे," गुलाम रसूल म्हणाले. "तेव्हा मी शिकत होतो. चांगले सगळे पाण्याखाली आहेत."