रिकाम्या खोलीची मालकीण

मखमलाबादच्या नवसाबाईंना वरच्या खोलीसाठी भाडं हवं होतं, भाडेकरू नको होता. येईल त्याच्यात खोट निघायची. बिहारचा सुतार फार हसतो म्हणून गेला, मालेगावचे मास्तर नुसतं नाव सांगून परतले. सकाळी पंचवटीच्या फुलबाजारात झेंडू विकताना मात्र बाई कुणालाही "ये रे राजा" म्हणत.

त्यांची भाची हर्षाली कॉलेजातल्या मित्रांबरोबर सिनेमा करत होती. एकाच शहरातली माणसं, रिक्षावाला, दुकानदार, पोलीस, आणि प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याबद्दल अढी. त्यात मिझोरामच्या मुलीला खोली नाकारणारी घरमालकीण हवी होती.

"मावशी, तूच कर. फक्त म्हणायचं, 'माफ करा, खोली गेली.'"

नवसाबाई ठेवणीतली साडी नेसून स्वतःच्याच दारात उभ्या राहिल्या. त्या मुलीचं काम करणारी, नर्सिंग शिकणारी मिझोरामचीच रुआती पायऱ्या चढून आली, तिनं खोली विचारली. बाईंच्या तोंडात ते मिळमिळीत वाक्य काही बसेना. "तू चीनकडची ना गं? तुमच्या सैपाकाचा वास भिंतीत मुरतो. आन् भाऊ भाऊ म्हणून कोण कोण येईल, मी काय राखण करू? जा बाई."

हर्षाली उडालीच. "मावशी, हे कुठून सुचलं?"

"सुचायचं काय त्यात? येतंच की."

रुआतीचे डोळे भरले होते. "पोरगी रडते लय भारी," बाईंनी दाद दिली.

"मावशी," रुआती मोडक्या मराठीत म्हणाली, "जूनमध्ये मी इथेच आली होती. तुम्ही हेच बोलल्या. ते राखण करायचं, तेपण."

बाईंना छत्री घेतलेली कुणी पोरगी अंधुक आठवली. चेहरा आठवेना. तो त्यांनी बघितलाच नव्हता.

आवाज नीट आला नाही म्हणून सीन परत घ्यायचा होता. कॅमेरा सुरू झाला आणि बाई दारातून बाजूला सरकल्या. मग एकदम म्हणाल्या, "आत ये, चहा घे."

हर्षालीनं कपाळाला हात लावला. "मावशी, वाट लावलीस माझ्या सिनेमाची!"

"लागू दे."

चहा पिताना बाईंनी खोली देऊ केली, तीही उपकार केल्यासारखी. रुआती म्हणाली, "म्हसरूळला मिळाली मला. मालकीण चांगली आहे." तो 'चांगली' शब्द बाईंना फार झोंबला.

सिनेमात शेवटी, आवाज खराब असला तरी, पहिल्यांदा घेतलेलाच सीन राहिला. कॉलेजच्या हॉलमध्ये पोरांनी त्या घरमालकिणीची अशी हुर्यो उडवली, की तिसऱ्या रांगेतल्या नवसाबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. शेजारी बसलेल्या रुआतीनं हसत त्यांचा हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला नाही.

दिवाळीनंतर रुआतीची मैत्रीण झोई वरच्या खोलीत राहायला आली. झोई आणि बाई रोज भांडतात. पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली, यावरून.