नदीपलीकडच्या सुनेचं जांभूळ

सीना नदीच्या अलीकडं आमची निजामाची मोगलाई, पलीकडं इंग्रजी. राज्यं दोन, पण नावा दोन्ही काठांच्या मिळून होत्या. एक थोरली, बाजारच्या वाटेवरची, गुरंसुद्धा नेणारी. दुसरी धाकटी, वरच्या उताराची, म्हणजे नदी ओलांडायच्या वरच्या जागेची. पावसाळ्यात नदी भरली की ये-जा या दोघींवरच.

नाव फुटली म्हणून उद्या नवी होत नाही. तिच्या फळ्यांचं झाड आज्यानं लावलेलं लागतं. म्हणून रीत अशी, की ज्या घरात पलीकडची सून येईल त्यानं त्याच पावसाळ्यात आपल्या उतारावर एक जांभूळ लावायचं. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं. उन्हाळ्यात नदी आटली की दोन्हीकडची जाणती माणसं पात्रातल्या वाळूत बसायची. कुठल्या उतारावर कोवळी झाडं आहेत ते बघून पुढं कुठं नावा ठेवायच्या ते ठरायचं.

वरच्या उतारावर पलीकडची सून एकट्या आमच्या घरात. माझीच बायको. लग्नाला तीन पावसाळे झाले तरी मी झाड लावलं नव्हतं. का, ते बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. खरं म्हणजे मला ती धाकटी नाव नकोच होती. नाव असली की ही भर पावसाळ्यात आईकडं जाणार आणि घर मला खायला उठणार. एवढंच. एवढं सांगायला अर्धं आयुष्य गेलं.

त्या साली धाकटीचा तळ कुजून गेला. थोरले नावाडी, ज्यांना सगळे आबा म्हणत, बैठकीत म्हणाले, "वरच्या उताराला नवं झाड न्हाय. म्हंजे त्या घराला वाट नको. धाकटी मोडावी, चांगल्या फळ्या थोरलीला लावाव्या. पुढं तिथं नावच नको."

मी वाळूत बोटानं रेघा ओढत होतो. एक शब्द बोललो असतो तरी पुरत होतं.

तेवढ्यात बायको भाकरीची पाटी घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. पाटी खाली ठेवून मला म्हणाली, "अवो, आपलं झाड कुठंय?"

"शेळीनं खाल्लं."

तिचे चुलते पलीकडच्या माणसांत बसले होते. "तीन वर्सं खातीय व्हय, जावईबापू? लई माजली असंल. दावा तरी!"

सगळी वाळू हसली. ती हसली नाही. पदर सावरून म्हणाली, "आबा, झाड न्हाय, पर म्या हाय की. माझी आय पलीकडं हाय. नाव मोडू नका."

आबांनी वरच्या उताराकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "रीत झाडाची हाय, पोरी. पुढल्या उन्हाळ्यात तिथं जितं झाड दिसलं, तर धाकटीला नवा तळ. तवर डागडुजी. आन पाणी ह्येनं घालायचं. शेळी ह्येचीच हाय!"

आषाढात मी रोप लावलं, भोवती बाभळीचे काटे रोवले. नागपंचमीला ती डागडुजीच्या नावेतून माहेरी गेली. घर खायला उठलं, खोटं नाही. मग मी काटे नीट आहेत का बघायच्या निमित्तानं रोज उतारावर जाऊन पलीकडं बघत बसायचो. उन्हाळ्यात वाळूत झिरा खणून कावडीनं पाणी घातलं. आबा आले, पानाला बोट लावून बघितलं आणि सुताराला निरोप धाडला.

आता मोगलाई नाही, इंग्रजी नाही. पुलाची बोलणी चालू आहेत, पण बैठक अजून वाळूत बसते. आमचं जांभूळ फळीजोगं व्हायला अजून वेळ आहे. गेल्या साली लेक पलीकडं दिली. पंचमीला धाकटीतून आली. पाय धुवायच्या आधीच मी विचारलं, "सासरच्यांनी झाड लावलं का?"

"लावलं की. तुमच्या शेळीला तेवढं बांधून ठेवा, दादा."

ती परत गेल्यावर जांभळाखाली बसून बायकोला खरं काय ते सांगितलं. तिनं जांभळाच्या बुंध्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "एकट्याला घर खायला उठतंय, तर पुढल्या पंचमीला तुमीबी चला माझ्यासंगं."

जाणार आहे. नाव आहेच.