लाल यादीतलं नाव

सोमवारी माझी पत्नी गेली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. मंगळवारी तिच्या मोबाईलवर संदेश आला: आपले ऑनलाइन प्रशिक्षण अपूर्ण आहे.

तो पाठवणारा शिक्षण विभागातला कारकून जुन्या जालन्यात आमच्याच गल्लीत राहतो. अंत्ययात्रेत तो माझ्या शेजारी चालत होता. कोणत्या शिक्षकांनी मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून प्रश्न सोडवले, याची यादी त्याच्याकडे असते; ज्यांचं राहिलं त्यांची नावं त्यात लाल दिसतात. संदेश रोज येत राहिले. दारावरून जाताना तो चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "सर, मॅडमचं नाव लाल दिसून राह्यलं."

"अहो, ती गेली. नाव काढा."

"ते बराबर आहे. पण काढणं वरच्यांच्या हातात. दोनदा कळवलं, उत्तर न्हाई."

"निदान संदेश तरी थांबवा."

"लाल नावांना एकदमच जातो, सर. एकाला वगळता येत न्हाई."

त्यानंतर तो दिसला की मी दार लावून घेऊ लागलो.

महिन्याभराने त्यानेच दार वाजवलं. दोन रविवार बसून त्याने तिच्या नावाने सगळे व्हिडिओ पाहून प्रश्न सोडवले होते. हातात तिचं प्रमाणपत्र होतं.

"गणिताच्या प्रश्नांत दोनदा नापास झालो, मंग जमलं," तो म्हणाला. "मॅडमनी कधी काम अर्धं ठेवलं न्हाई. यादीत तसं कसं राहू द्यायचं?"

मला रागवायचं होतं. मी कागद घेतला.

आता संदेश येत नाहीत. प्रमाणपत्र तिच्या पदवीच्या कागदांत ठेवलं आहे. त्यावरची तारीख ती गेल्यानंतरची आहे.