नाव काढलं

शेजारच्या मेधाच्या नुपूरचे दात अगदी उत्तम आहेत, एकालाही कीड नाही. तरी गेल्या वर्षात ती पोर इतक्या वेळा डेंटिस्टकडे गेली की ऐकणाऱ्याला वाटावं, हिच्या तोंडात दात उरले तरी कसे. म्हणजे गेली नाही. मेधा तसं सांगायची. भर सकाळी, शाळेच्या वेळात, आठ वर्षांची मुलगी इंडियन ग्रोसरीत आईबरोबर कोथिंबीर निवडताना दिसली की काउंटरवरचा माणूस सहज विचारणारच, "आज स्कूल नहीं है बेटा?" त्यावर मेधाचं उत्तर ठरलेलं, "डेंटिस्ट के पास जाना है." मग दुकानाबाहेर पडेपर्यंत मान खाली.

इथे परदेशात, स्प्रिंगफील्ड लेक्सला आमची दोन घरं एकाच कुंपणाची. मेधा पुण्याची, शिकलेली इंजिनियर. नवरा राजीव आयटीत, ट्रेनने सिटीत जातो. मी घर सांभाळणारी बाई. सकाळची पूजा, रामरक्षा झाली की वहीत आदल्या दिवसाबद्दल चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे, त्यातलंच हे पुसून-जोडून लिहिते आहे. मेधाला विचारलं तर म्हणाली, "लिहा मीनाक्षीताई, पण मला फार चांगली करू नका."

तर नुपूर. घरात ही पोर अखंड बडबड करणारी. शाळेचं गेट ओलांडलं की तिचा आवाज बंद. बाईंशी नाही, मुलींशी नाही, हो-नाही सुद्धा नाही. शाळेने खूप समजून घेतलं, कोणाची चूक काढावी असं काही नव्हतं. पण एक दिवस बाथरूमला जायचंय हेही तिला सांगता आलं नाही, आणि शाळा सुटेपर्यंत ती ओल्या स्कर्टवर तशीच बसून राहिली. गाडीत बसल्यावर आईला म्हणाली, "सॉरी मम्मा, सीट खराब होईल." मेधाने त्या रात्री राजीवला सांगितलं, हिला मी घरी शिकवते. इथे सरकारकडे रीतसर नोंद करून तसं शिकवता येतं, पुष्कळ लोक शिकवतात. नुपूरलाही विचारलं. ती हो म्हणाली. शाळेतून नाव काढलं.

मेधाने शिकवलं मात्र मन लावून. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रवा मोजत गणित. तळ्याकाठी फिरताना वॉटर ड्रॅगन, म्हणजे पाण्याजवळचे मोठे सरडे, दिसले की त्यांचं चित्र, त्याखाली दोन वाक्यं इंग्लिशमध्ये आणि एक मराठीत. नुपूरने त्यांचं नाव ठेवलं होतं सरडोबा. शुक्रवारी पार्कमध्ये घरी शिकणाऱ्या बाकीच्या मुलांबरोबर खेळ. हळूहळू पोरीचा आवाज बाहेरही फुटायला लागला. मी नैवेद्य दाखवत होते, तर कुंपणावरून डोकं वर आलं, "काकू, तुमचा बाप्पा लंचला रोज वरणभातच खातो? ही मस्ट बी बोअर्ड." मी हसू दाबत कसाबसा पाण्याचा हात फिरवला.

एवढं चांगलं चाललेलं असताना मेधाला लाज कसली, असं कोणी विचारेल. गेल्या वर्षी गणपतीच्या पॉटलकला, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी तिच्या शेजारीच पुऱ्या वाढत होते. आमच्या मंडळातली मैथिली भर घोळक्यात म्हणाली, "काय गं, मुलगी घरी बसवलीस म्हणे?"

"बसवली नाही. होमस्कूल करतोय."

"तेच ते. नापास झाली होती का?"

"इथे दुसरीत नापास नाही करत कोणाला."

"मग काय झालं? एवढी शिकलेली तू. आमच्या कामवालीनेसुद्धा मुलींना शाळेत घातलंय तिकडे."

बायका हसल्या. मेधाही हसली, आणि जेवण न घेता घरी गेली. डेंटिस्ट सुरू झाला तो त्यानंतर.

पण खरी धास्ती मिरजेची होती. राजीवच्या आई तिथे एकट्या राहतात. हुशार बाई. त्यांच्या लहानपणी घरात पाठोपाठ भावंडं झाली, ती सांभाळायला म्हणून वडिलांनी त्यांचं सातवीत शाळेतून नाव काढलं. ते त्यांना अजून लागतं. पेपर वाचताना एखादा शब्द अडला की म्हणतात, "आमचं सातवीपर्यंतच, बाबा." अशा बाईला सांगायचं कसं की तुमच्या नातीचंही काढलं? राजीव म्हणे, "तू सांग, आई तुझं ऐकते." मेधा म्हणे, "आई तुझी आहे." असं करत महिने गेले.

दर रविवारी व्हिडिओ कॉल. ठेवताना आजींचं एक वाक्य ठरलेलं, "शाळेत नाव काढ हो बाळ."

आता आपल्याला कळतं आजींना काय म्हणायचंय. नुपूरला कसं कळावं? तिने 'नाव काढणं' घरात एकाच अर्थाने ऐकलेलं. तिला वाटलं, आजी त्याबद्दलच बोलते आहे, आजीला माहीत आहे, आणि आजीला ते हवंसुद्धा आहे. एका रविवारी तिने मोठ्या आनंदाने सांगून टाकलं, "आजी, शाळेत नाव काढलं."

'तून'चं नुसतं 'त' झालं. इथल्या मुलांचं मराठी असंच असतं, शेवटची अक्षरं वाऱ्यावर.

"काढलंस? शाब्बास गं माझी बाय." आजींचा आवाज भरून आला. "मेधा, ऐकलंस का? मला बोलली नाहीस कधी."

मेधा मागेच पोळ्या लाटत होती. तिने वळून म्हणायला हवं होतं, आई, तसं नाही. ती म्हणाली, "हो ना."

आजींनी सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. फोटो आला. पुढच्या रविवारी त्यांनी तिकीट काढायला सांगितलं. एवढं नाव काढणारी शाळा त्यांना डोळ्यांनी बघायची होती.

आजी आल्या त्या इथल्या शाळांच्या सप्टेंबरच्या सुट्टीत, म्हणून पहिले काही दिवस निभावले. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मेधाने नुपूरला गाडीत बसवून सांगितलं, "आजी आहे तोवर शाळेबद्दल काही बोलायचं नाही. आपण घरी अभ्यास करतो हेही नाही."

"व्हाय?"

"आजीला वाईट वाटेल."

नुपूरने मान हलवली. मेधाला वाटलं, समजूतदार आहे.

दुसऱ्या दिवशीपासून पोरीचे ओठ मिटले. विचार केला तर तिच्यापाशी बोलण्यासारखं उरलंच काय होतं? रवा मोजणं म्हणजे शाळा, सरडोबा म्हणजे शाळा, आईबरोबर लायब्ररीत जाणं म्हणजे शाळा. तिचा अख्खा दिवसच शाळा होता, आणि शाळेबद्दल बोलायचं नाही. आजीने "दूध पितेस का" विचारलं तरी ती नुसती मान हलवायची. मेधा आजींना म्हणाली, शाळेला अजून थोडी सुट्टी आहे, टीचर्सचं ट्रेनिंग आहे. शेजारच्या मुली गणवेशात जाताना आजी खिडकीतून बघत होत्या.

गुरुवारी मी दत्ताचा प्रसाद घेऊन गेले. दुपारचा चहा व्हायचा होता. नुपूर डायनिंग टेबलाशी चित्र काढत होती, आजी बाथरूमकडे जाणाऱ्या दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर एक जांभळा इरकली खण. मला बघून म्हणाल्या, "बरं झालं आलात. नारळ तिकडून आणू देत नाहीत म्हणे, तेवढा इथे कुठे मिळतो सांगा. हिच्या वर्गाच्या बाईंची ओटी भरायची आहे. नाव काढायला लावलं पोरीला, नुसत्या हाताने कशी भेटू?"

"आई, इथे टीचरना गिफ्ट चालत नाही," मेधा ओट्याशी उभी राहून म्हणाली.

"ओटी म्हणजे गिफ्ट का? बरं, मग नुसतं भेटव."

"त्या रजेवर आहेत."

"मग मोठ्या बाईंना भेटू."

मेधा साखरेचा डबा शोधायला लागली. तो तिच्या हाताशीच होता.

आजी माझ्याकडे वळल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मीनाक्षी, माझं काय चुकलं हो? फोनवर इतकी बोलायची. मी दारात येऊन बसले आणि पोर मुकी झाली. माझं बोलणं गावठी वाटत असेल का तिला? ही सगळी मला घाबरतात की लाजतात, काही कळत नाही."

मी मेधाकडे बघितलं. ती नुपूरकडे बघत होती. नुपूर पाय घट्ट आवळून बसली होती, हातातली पेन्सिल थांबलेली, नजर बाथरूमच्या दाराकडे आणि दारातल्या आजीकडे; जायचं तर आजीला सरकायला सांगावं लागणार. मेधाच्या हे ध्यानात आलं आणि ती पुढे झाली, तोवर खुर्चीच्या कडेवरून थेंब टाइल्सवर पडायला लागले होते.

नुपूरने चित्र उचलून छातीशी धरलं, ते ओलं होऊ नये म्हणून.

सगळ्यांत आधी उठल्या त्या आजी. "आधी तिचे कपडे बदल," म्हणाल्या, आणि स्वतः फडकं घेऊन खाली बसल्या. मी घ्यायला गेले तर दिलं नाही.

नुपूरला स्वच्छ करून मेधा बाहेर आली ती उभीच राहिली. सासूसमोर तिला बसवेना.

"आई, तिची शाळा नाही. मीच घरी शिकवते. शाळेत ती बोलायची नाही, तिथेही असंच झालं होतं, म्हणून नाव काढलं. तुम्हाला सांगू नकोस म्हणून मीच तिला गप्प केलं."

आजी बराच वेळ खणाची घडी सारखी करत राहिल्या.

"म्हणजे तिने मला सांगितलं होतं."

"हो."

"आणि मी पेढे वाटले."

"हो."

"पेढ्यांचा फोटो पाठवला तेव्हा तू हात जोडल्याचं चित्र पाठवलंस."

मेधाने मान खाली घातली. मीही घातली, तो फोटो आजी आल्यावर त्यांनी मलाही दाखवला होता, आणि मी वा वा म्हटलं होतं.

"मला कळायला हवं होतं," आजी म्हणाल्या. "माझंही याच शब्दात काढलं होतं. मी चुलीपाशी होते, बाहेर वडील कोणाला तरी सांगत होते, पोरीचं नाव काढलं म्हणून. मला कोणी विचारलं नव्हतं." मग त्यांनी नुपूरला हाक मारली. "ये गं. तुला विचारलं होतं का कोणी?"

नुपूरने आईकडे बघितलं. मेधा म्हणाली, "बोल. सगळं बोल."

अगदी बारीक आवाज आला. "विचारलं होतं. मी येस म्हटलं."

"मग तुझ्या बाई कोण?"

नुपूरने बोट केलं.

आजींनी मेधाला पाटाऐवजी त्या ओल्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसायला लावलं. मला म्हणाल्या, कुंकू आणा. नारळ नव्हता, तांदूळ होते. मेधा रडत "नको आई, मी नाही त्या लायकीची" म्हणत होती, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. खण तिच्या पदराऐवजी टीशर्टच्या घोळात घातला.

"ही बाईंची ओटी," त्या म्हणाल्या. "सुनेची नाही. सुनेला मी अजून काही दिलेलं नाही, आणि तिच्याशी बोलायचं आहे ते राजीव घरी आला की दोघांशी बोलेन."

काय बोलल्या ते मला माहीत नाही, विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी नारळ घ्यायला म्हणून आम्ही सगळ्याच ग्रोसरीत गेलो. काउंटरवरच्या माणसाने नेहमीसारखं विचारलं, "आज स्कूल नहीं है बेटा?"

मेधाच्या तोंडातून सवयीने "डें" एवढं निघालं. नुपूर तिच्याकडे बघत होती, आजीही. कानापर्यंत लाल होऊन मेधा म्हणाली, "घर पे पढ़ती है. मैं पढ़ाती हूँ."

"अच्छा? तो वो डेंटिस्ट?"

मेधा पर्समध्ये पैसे शोधायला लागली. इकडे नुपूर आजीला नारळ कानाशी धरून कसा हलवायचा ते विचारत होती, मोठ्याने, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, आणि मेधाने पहिल्यांदाच तिला "हळू" म्हटलं नाही. सुटे पैसे घेताना मान मात्र खालीच होती.