बाबा डॉक्टरांसमोर ताठ चालले

गेल्या बुधवारी बाबांना घेऊन म्हापशाला हॉस्पिटलात गेले होते. काम एकच... अपंगत्वाचं सर्टिफिकेट. ते हातात आलं की गाडीसाठी दिव्यांग पार्किंगचा परवाना मागता येतो.

आमचं घर धारगळला, हायवेला लागून. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकने बाबांच्या स्कूटरला ठोकरलं आणि उजवा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय काही नीट वाकेना.

तेव्हापासून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला येतात ते गाडीत बसून राहायला. गाडी लावायला जागा मिळते ती लांब, आणि तिथून चालणं होत नाही. परवाना मिळाला तर बाजाराच्या तोंडाशीच गाडी लावून उतरता येईल, एवढीच आशा.

कागद जमवता जमवता महिना गेला. पंचायतीचा दाखला, आधार, गाडीचं आरसी, डिस्चार्ज कार्ड... एक्स-रे आईने जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीत घालून ठेवला होता, का ते देव जाणे! आता फक्त डॉक्टरांनी तपासायचं बाकी.

आणि तिथेच बाबांनी घोळ घातला. सकाळी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, वर पावडर... मोठ्या माणसासमोर जायचं तर धडधाकट दिसायला नको? केबिनच्या दाराशी चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि आत शिरले ते एकदम ताठ.

दुखतं का? ना. जिने चढता? हो तर! खाली बसता येतं? येतं की... मी बाजूला उभी राहून डोळे वटारतेय, पण बघतोय कोण! पाय उचलायला सांगितला, तर दात-ओठ खाऊन तोही उचलला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, मग परवाना हवाय कशाला?"

माझं डोकंच सटकलं. फाईल उचलली आणि तरातरा बाहेर आले. बाबा मागून आले.

घरी ते दारातल्या सोप्यावर, त्या बांधीव बाकावर, टेकून चपला घालतात. इथे टेकायला काही नाही. चौकटीला धरून पायानेच चप्पल ओढायला गेले आणि तोल गेला. मी कसंबसं सावरलं, खाली बसून पट्टा लावायला लागले.

"सोड गो, लोक बघतत," बाबा पुटपुटले. घामाने डबडबले होते. वर बघते तर डॉक्टरबाई दारात उभ्या.

त्या रागावल्या नाहीत. बाबांना धरून चपलांसकट परत आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले.

बाबा लादीकडे बघत म्हणाले, "जमना गो बाय... कायच जमना."

दोन वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आईनेसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. माझा राग कुठच्या कुठे गेला.

सर्टिफिकेट मिळालं, परवान्याचा अर्जही दिलाय... येईल तेव्हा येईल. पण त्या दिवशी घरी पोचलो, मी गाडी अंगणात उभी केली, तर बाबा दार उघडून तसेच बसून राहिले. म्हणाले, "हात दी गो."

मी दिला. डॉक्टरबाईंनी तेच प्रश्न दुसऱ्यांदा विचारले, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.