साइट हलवताना राहिलेली एक टिक

कुपवाडच्या त्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचे. कारखाना हळद पॉलिश करायच्या यंत्रांचा. मालक मिलिटरीतून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायचे. निम्म्याहून जास्त ऑर्डरी वेबसाइटवरून यायच्या, कारण इंटरनेटवर शोधलं की आमचं नाव पहिलं दिसायचं. त्याच जोरावर काकांनी नवा वेल्डर ठेवला होता.

साइट फार हळू उघडायची, म्हणून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी ती दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवली. नवमीला लेथ, ड्रिल धुऊनपुसून पूजेला लागले, तसं माझ्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लागलं. आता दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. म्हटलं, एकदा तपासून घेते. काका म्हणाले, "पोरी, लेथ दमतंय तसं ह्ये बी दमतंय. ऱ्हाऊ दे आज." मलाही सुट्टी हवीच होती, खोटं कशाला बोलू?

दसऱ्यानंतर साइट झटक्यात उघडली. पण शोधून पाहिलं तर आम्ही पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही. दहाव्या पानापर्यंत गेले, तरी नाव नाही. फोन थंडावले. काकांची चाहूल लागली की मी उगाच फायली चाळत बसायचे. आठवड्याने त्यांनी विचारलंच. घाबरून मी म्हणाले, "साइटचा आयपी पत्ता बदललाय काका. त्या नव्या पत्त्यावर आणखी कुणाच्या तरी फसव्या साइट असणार, त्यात आपलंही नाव खराब झालं."

"म्हंजी शेजार वंगाळ," काका म्हणाले.

सोमवारी सेटिंगचं एकेक पान उघडत गेले, तर ती टिक दिसली. साइट हलवताना ती अर्धवट असेपर्यंत कुणाला सापडू नये म्हणून सर्च इंजिनांना मज्जाव करणारी टिक मीच केली होती, आणि ती काढायची राहिली होती. पत्त्याचा काही संबंधच नव्हता. टिक काढली. नोकरी गेली असं धरूनच काकांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पुन्यांदा दिसंल का?"

"दिसेल. थोडे दिवस लागतील."

त्यांनी वेल्डिंगच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"त्येला शनवारीच सांगितलं, आता काम न्हाई म्हणून," ते म्हणाले. "लाव फोन. आन् तूच बोल."

मी नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली, आणि त्याने फोन उचलूच नये असं मला वाटत होतं.