ब्रेकची नळी आणि अर्धी उदबत्ती

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अमावास्येला गाडी विकत घेऊ नये, लिंबू-मिरची बांधावी, यावरही नाही. माझं कापूरहोळला गॅरेज आहे, भोर फाट्यावरून आत वळलं की लगेच डावीकडे. गाडी बिघडते त्याला कारण असतं, आणि ते शोधण्यावरच माझं घर चालतं. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर करमणूक म्हणून वाचत आलो. आज मीच लिहितोय, याचं मलाच हसू येतंय.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, लाईट गेलेली. हिर्डोशीच्या बाजूचे एक मामा जुनी डिझेल जीप घेऊन आले, बरोबर मामी. शेरडं-मेंढरं राखणारं घर, बाजाराला बकरी न्यायची तर हीच जीप. मामांची तक्रार अशी की ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालंय, उभं राहून दाबावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांना वरंध घाट उतरून महाडला जायचं होतं. थोरली लेक तिकडे दिलेली. पहिलटकरीण, आठवा सरत आलेला, तिला बाळंतपणाला माहेरी आणायची होती. म्हणजे जाताना घाट उतरायचा आणि येताना पोटुशी बाई घेऊन चढायचा...

पेडल घट्ट म्हणजे बहुतेक वेळा व्हॅक्यूम लीक. इंजिनवरचा पंप हवा ओढतो, ती ओढ एका रबरी नळीतून ब्रेकच्या बूस्टरपर्यंत जाते आणि त्यामुळे आपल्याला पाय हलका लागतो. नळीला बारीकशी चीर गेली की संपलं. ही चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून माझी जुनी पद्धत : डिझेल गाडी असेल तर इंजिन चालू ठेवायचं, एक उदबत्ती पेटवायची आणि नळीच्या कडेकडेने फिरवायची. जिथे चीर असेल तिथे धूर आत ओढला जातो. फुकटचं यंत्र.

मी उदबत्ती पेटवली तशी मामींनी डोक्यावर पदर घेऊन बॉनेटला हात जोडले. गिऱ्हाईक हात जोडत असेल तर जोडू द्यावेत, आपलं काय जातं!

बूस्टरजवळच्या वाकणात धूर सुळकन आत गेला. लीक सापडली. इंजिन बंद केलं, नळी बदलली, क्लिपा आवळल्या, पुन्हा चालू करून पाहिलं. पेडल लोण्यासारखं. ब्रेक ऑइल खुणेला बरोबर, खाली कुठे थेंब नाही. इंजिन बंद केलं आणि मामांना म्हणालो, "झालं काम. बिनधास्त उतरा घाट."

उदबत्ती अजून अर्धी शिल्लक होती. ती चिमटीत धरून विझवणार, तेवढ्यात मामी पुढे आल्या.

"मिस्त्री, इझवू नगा. लावलेली उदबत्ती मधीच इझवत न्हाईत. जळू द्या तिची ती."

वाद कशाला घाला? दिली बॅटरीच्या पट्टीत खोचून आणि हात धुवायला गेलो.

परत येऊन बॉनेट लावायला गेलो तर धूर वर जात नव्हता. इंजिन बंद होतं पण चांगलं तापलेलं, म्हणजे धुराने सरळ वर जायला हवं. तो मात्र खाली उतरत होता. दोऱ्यासारखा बारीक, चॅसीच्या कडेने, पुढच्या डाव्या चाकाच्या मागे. वारा असेल म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, त्याचं पान हलत नव्हतं. पंखा तर लाईट नाही म्हणून बंदच. उदबत्ती काढून दुसऱ्या बाजूला खोचली... धूर वळसा घालून पुन्हा तिथेच गेला.

मी वाकून बोट घातलं. तिथून ब्रेक ऑइलची लोखंडी नळी जाते, एका पट्टीखाली दाबलेली. पट्टी सोडली. खालची नळी गंजून कागदासारखी झाली होती, नख लावलं तर तेल पाझरलं. घाटात एखाद्या वळणावर मामांनी जीव खाऊन ब्रेक दाबला असता तर तिथेच फुटली असती.

आता गाड्यांमधलं कळणाऱ्यांनी ऐका. या नळीत व्हॅक्यूम नसतो, तेलाचा दाब असतो. भोक पडलं तर तेल बाहेर येईल, धूर आत जायचं काही कारण नाही. शिवाय तेव्हा भोक पडलेलंही नव्हतं. ते माझ्या नखाने पडलं.

मला दरदरून घाम फुटला. धुरामुळे नाही. 'बिनधास्त उतरा' म्हणून मी मोकळा झालो होतो, त्यामुळे.

मामांना नळी दाखवली तर ते मटकन टायरवर बसले. मामींना मात्र नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "मंग? म्हनलं व्हतं न्हवं, जळू द्या." जणू मी नुसता भात उतू जाताना पाहिला होता, इतकं ते साधं. भोरहून नळी मागवून बसवली, ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढली, संध्याकाळच्या आत गाडी गेली. दोन दिवसांनी मामांचा फोन आला, लेक सुखरूप घरी आली होती. पुढे नात झाल्याचंही कळवलं.

त्यानंतर मी हा प्रयोग कितीतरी गाड्यांवर केला. गंजक्या नळ्या, चांगल्या नळ्या, तापलेलं इंजिन, गार इंजिन. धूर दर वेळी मुकाट वर जातो. गाड्यांमधल्या जाणकारांना विचारलं, कोणी म्हणालं हवेचा झोत असेल, कोणी म्हणालं तुला भास झाला. असेलही.

एवढंच झालंय की आता लीक सापडली तरी मी उदबत्ती विझवत नाही. ती संपेपर्यंत बॉनेट उघडं ठेवून शेजारी उभा राहतो. गिऱ्हाइकांना वाटतं मिस्त्री देवभोळा आहे. वाटू दे. ती जळून संपल्याशिवाय 'बिनधास्त जा' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.